शेवटून लिहिलेला मवाजना

गेल्या महिन्यात दौलत भोई माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला आणि मला 'मुहासिबसाहेब' म्हणाला. हा शब्द आता नांदेडात कोणी वापरत नाही. निजामाचं राज्य गेलं, त्याबरोबर पेशकार गेले, मुहासिब गेले, बलदियेची नगरपालिका झाली आणि मुहासिबाच्या खुर्चीवर बसणारा मी लेखापाल झालो. दौलतला जुनंच नाव ठाऊक. नातवाच्या शाळेसाठी कसला तरी दाखला हवा होता, तो मी करून दिला. जाताना तो म्हणाला, "तुम्ही त्या मुहासिबसाहेबाचे माणूस. म्हनून तुमच्याकडंच आलो."

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. दौलत ज्यांच्याविषयी बोलला त्या रंगनाथरावांविषयी मी आजवर कुणाजवळ चार वाक्यं सलग बोललेलो नाही. त्यांचं चरित्र मला लिहिता येणार नाही. त्यांच्या वडिलांचं नाव मला ठाऊक नाही, मुलंबाळं किती होती हेही खात्रीने सांगता येणार नाही. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो, त्यांच्या मराठी मसुद्यांच्या उर्दूत साफ नकला केल्या आणि एका दुपारी त्यांच्याशी खोटं बोललो. एवढीच माझी त्यांची ओळख.

रंगनाथराव मूळचे देवणीचे. तिकडचे बैल सगळ्या मुलखात नावाजलेले, आणि रंगनाथरावांची मानही जाड, त्यामुळे ऑफिसात त्यांना पाठीमागे 'वळू' म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलेलं होतं. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले, "वळू म्हणा, राग न्हाई. बैल तेवढं म्हणू नका. बैल मानेवर ठेवाल ते ओढतो." अंगात काळी शेरवानी, तिच्या उजव्या खिशात कच्चे शेंगदाणे. एक शेंगदाणा चघळून संपल्याशिवाय दुसरा तोंडात जात नसे. बोलणं मोठ्या आवाजात, पण काळजीत असले की ओठ नुसते हलायचे आणि कानडीत मोजणी चालायची, "ओंदू, येरडू, मूरू, नालकू." सीमेवरच्या गावात वाढलेला माणूस हिशेब मराठीत लिहायचा, कचेरीशी उर्दूत बोलायचा आणि घाबरला की कानडीत मोजायचा.

कुठलाही अर्ज ते शेवटाकडून वाचत. पुढची अर्धी अर्जी सलामात जाते, म्हणत, माणसाला काय हवं ते खालच्या दोन ओळींत असतं. आम्ही नवे होतो तेव्हा याचं हसू यायचं. वाचल्याशिवाय सही मात्र ते कशावरच करत नसत. शिपायाच्या रजेच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही. एकदा घाईघाईने मी त्यांच्यापुढे दोन कागद एकदम सरकवले, तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि मला सांगितलं की न वाचता सही करणारा माणूस आणि अंगठा उठवणारा माणूस यांत अंगठेवाला बरा, त्याला निदान लाज वाटते.

भाद्रपदात गोदावरी आली. असं पाणी गावातल्या म्हाताऱ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. दोन दिवस खालच्या गल्ल्यांतून नदी वाहत होती. पाणी उतरलं तेव्हा घराघराच्या भिंतीवर एकाच उंचीची मातकट रेघ उमटलेली होती. मी राहत होतो त्या खोलीची मागची भिंत बसली होती. बायकोला सातवा महिना चालू होता. तिला एका ओळखीच्यांच्या ओसरीवर ठेवून मी ऑफिसला गेलो, तर रंगनाथराव दाराशीच उभे. तालुकदारसाहेबांचा हुकूम आला होता. तालुकदार म्हणजे जिल्ह्याचे मुख्य अधिकारी, आणि बलदियेचे प्रमुखही तेच. आजूर महिन्याच्या पहिलीला नवं सरकारी साल सुरू व्हायचं होतं. त्याच्या आत नव्या सालचा मवाजना, म्हणजे अंदाजपत्रक, पुराचा सगळा खर्च धरून हैद्राबादला पोचायला हवा होता. उशीर झाला तर पुढचं सगळं वर्ष जुन्याच आकड्यांवर काढायचं. हातात जेमतेम अठरा दिवस होते.

दुसरा कुणी असता तर ऑफिसात बसून घरपट्टीच्या रजिस्टरावरून अंदाज बांधून मोकळा झाला असता. रंगनाथराव रजिस्टर माझ्या काखेत देऊन चालायला लागले. गुडघाभर चिखलातून आम्ही गल्ली न् गल्ली फिरलो. त्यांची भाकर त्यांच्या पिशवीत असे. पाहणी चालू असेपर्यंत ते कुणाच्या घरचं पाणीही घेत नसत.

इतर खात्यांचे लोक लोकांना विचारत होते, काय गेलं? रंगनाथराव विचारायचे, काय वाचवलंत? बाजारातल्या एका मोठ्या कापडवाल्यांनी गेलेल्या ताग्यांची लांबलचक यादी वाचून दाखवली. ती संपेपर्यंत हे शांत उभे राहिले आणि मग विचारलं की पाणी शिरलं तेव्हा पहिल्यांदा काय उचललंत. शेठजी म्हणाले, वह्या. मग? मग वरच्या फळ्यांवरचा माल. तो कुठे आहे? शेठजींची नजर माडीकडे गेली. माडीवर चढून पाहिलं तर यादीतला निम्म्याहून जास्त माल कोरडा ठणठणीत होता.

शेठजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे साहेब पाहणीला आलेत का झडतीला?"

"झडतीच हाय शेठजी," रंगनाथराव जिना उतरता उतरता म्हणाले. "सरकारचा पैसा कुठं दडून बसलाय ते हुडकून राहिलो."

सगळ्यांत शेवटी आम्ही भोईगल्लीत गेलो. नदीच्या अगदी कडेला चौदा घरं. नाव चालवणारी, मासे धरणारी माणसं. घरपट्टीच्या रजिस्टरात त्यांचं नावच नव्हतं, कारण ती जागा सरकारी. चौदांपैकी चार घरं उभी होती. गिरजाबाई, दौलतची बायको, चिखलातून भांडी शोधत होती. तिचा सासरा अंथरुणाला खिळलेला, एका मोडक्या बाजेवर उन्हात निजवलेला. रंगनाथरावांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला.

"सासरा वाचवला," ती म्हणाली. "आन् सूप."

"सूप कशाला?"

"हातात होतं. टाकायचं सुचलं न्हाई."

मी रजिस्टरात लिहायला लागलो तशी ती माझ्याकडे बघून हसली आणि रंगनाथरावांना म्हणाली, "राव, तुमच्या कागदाला पोहता येतंय का? न्हाई, पुढल्या साली आम्हाला त्याच्यावरच बसून जावं लागंल."

रंगनाथराव हसले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं की रेल्वेच्या पलीकडे माळावर जागा आहे, तिथे पाणी कधी चढणार नाही, बलदिया तिथे घरं बांधून देईल. मसुद्यात त्यांनी तसं लिहूनही ठेवलं होतं. गिरजाबाईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आन् मासा टांग्यात बसून माळावर येणार हाय व्हय?"

आता मात्र ते हसले. हसताना त्यांना मी सहा वर्षांत तीन-चारदाच पाहिलं असेन. ऑफिसात आल्याबरोबर त्यांनी मसुद्यातली ती ओळ खोडली. गल्लीच्या लगत मागे एक उंचवटा होता. तिथे पुरुषभर उंचीची दगडी जोती बांधायची आणि त्यांवर चौदा घरं. हे माळावरच्या घरांपेक्षा किती तरी महाग होतं. रंगनाथराव दोन दिवस आकडे मांडत होते, पुसत होते, ओंदू येरडू करत होते. बलदियेची आवक, हैद्राबादहून मिळेल ती मदत, सगळं धरलं तरी बेरीज पुरत नव्हती. खर्चाच्या सगळ्या बाबी मंजूर होणं अशक्य होतं. काही तरी कापलं जाणार हे आम्हाला लख्ख दिसत होतं.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. मवाजन्याची पहिली बाब नेहमी नोकरांची तनखा, म्हणजे आमचे पगार. मग दिवाबत्ती, रस्ते, झाडलोट, असं करत करत शेवटी किरकोळ बाबी. हैद्राबादच्या माल दफ्तरात, म्हणजे महसूल खात्यात, मंजुरी देणारा अधिकारी वरून खाली बेरीज करत येई. मंजूर रक्कम जिथे संपेल तिथे लाल शाईची आडवी रेघ मारी आणि रेघेखाली लिही, 'साले आयंदा'. म्हणजे पुढच्या वर्षी पाहू. रेघेखालची बाब पुढच्या वर्षीही रेघेखालीच राही.

रंगनाथरावांनी त्या वर्षीचा मवाजना शेवटून लिहिला. पहिली बाब भोईगल्लीची जोती. मग पडलेल्या घरांच्या भिंती, मग विहिरींचा उपसा, मग नाल्या, रस्ते, दिवे. सगळ्यांत शेवटी, रेघ जिथे हमखास पडायची तिथे, बलदियेच्या नोकरांची तनखा.

आमचे पेशकार माणिकराव, म्हणजे कारकुनांतले सगळ्यांत जुने, मसुदा वाचून उभेच राहिले. "साहेब, आमची तनखा तुम्ही नदीत टाकली."

"नदीत न्हाई, काठावर ठेवली," रंगनाथराव म्हणाले. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. "हैद्राबादची कात्री पायाकडून चालते. पायापाशी भोईगल्ली ठेवली तर भोईगल्ली कापली जाईल. म्हणून तिथं आपण उभं राहायचं. सरकारी माणसाची तनखा कापायची म्हटलं की सरकारचा हात अडखळतो. अडखळला तर दोन पैसे जास्त सुटतील, आपलंही भागंल. न्हाई अडखळला तर चार महिन्यांची तनखा जाईल, तेवढे दिवस ठेचा-भाकर खाऊ. माझी पहिली कापा, हे मी लिहून देतो."

 मी हंगामी नोकर होतो. तनखा कापायची तर आधी हंगामी लोकांची कापतात, हे मला ठाऊक होतं. हिमायतनगरला आई होती, तिला दरमहा पैसे जायचे. नव्या खोलीचं भाडं ठरलं होतं. चार महिन्यांचा आकडा मी मनातल्या मनात मांडून पाहिला, तो कुठूनच भागत नव्हता.

बलदियेच्या बैठकीत तालुकदारसाहेबांनी मसुदा ऐकून घेतला. ते हैद्राबादचे, थकलेले, पण ऐकून घेणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "मुहासिब साहब, ये उल्टा क्यों लिखा है?"

"हुजूर, पानी भी तो नीचे से चढा था."

बैठकीत व्यापारी होते, वकील होते. सगळे तालुकदारसाहेबांच्या तोंडाकडे पाहत होते. ते म्हणाले, असाच पाठवा. मात्र छापील नमुन्यात हा क्रम बसणार नाही, तेव्हा साध्या कागदावर लिहा आणि क्रम का बदलला याचं पत्र सोबत जोडा. मी मागे उभा राहून हे सगळं शब्दन् शब्द ऐकलं. नंतर विसरलो असं मला कधीच म्हणता येणार नाही.

साफ नकलेला दोन दिवस मिळाले. त्याच दिवशी रंगनाथरावांना ताप भरला. इतके दिवस चिखलात काढलेले, अर्धं गाव तापाने फणफणत होतं. ते घरी गेले आणि मसुदा माझ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांनी मला बदल कर असं एकदाही सांगितलं नाही, हे मी इथे नोंदवतो, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत होतो की त्यांनीच मला सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गोविंदराव, छापील नमुना सोडून साध्या कागदावर मवाजना गेलेला मी बावीस वर्षांत पाहिला न्हाई. तिकडं त्यांनी तो न वाचताच परत केला तर? साल उलटून जाईल. मग भोईबी गेले आन् आपणबी."

हे अर्धं खरं होतं. माणसाला आपल्या सोयीचं करायला अर्धं खरं पुरतं. ते उठून गेल्यावर मी कपाटातून छापील नमुना काढला. त्याचा पहिला खाना तनखेचा होता, तिथे तनखा लिहिली. मग दिवे, रस्ते, नाल्या. भोईगल्लीची जोती शेवटच्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत आली. तिच्याखाली फक्त किरकोळ, म्हणजे कागद आणि शाईचा खर्च, एवढीच बाब होती. मी एकही आकडा बदलला नाही. कुठलीही बाब गाळली नाही. बेरीज पैशाला पैसा जुळली. सोबतचं पत्र तेवढं मी लिहिलं नाही.

दुपारी कागद घेऊन रंगनाथरावांच्या घरी गेलो. ते भिंतीला टेकून बसले होते, अंगावर दोन घोंगड्या. त्यांच्या बायकोने मला पाट दिला. मी कागद पुढे केले.

"क्रम तसाच हाय न्हवं, गोविंदराव?"

"हाव," मी म्हणालो.

"चष्मा द्या बरं जरा."

चष्मा कोनाड्यात होता. मी उठलो नाही. त्यांची बायको म्हणाली, "अहो, डोळे बघा कसे लाल झालेत. त्यांनीच लिहिलंय की सगळं. परक्याचं का हाय?" मी सांगितलं की तालुकदारसाहेब तासाभरात दौऱ्यावर निघणार आहेत, त्यांची सही घेऊन कागद आजच गाडीवर गेला पाहिजे. हेही खरंच होतं.

रंगनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि लेखणी मागितली. हात इतका थरथरत होता की टोक कागदावर टेकेना. सही सरळ यावी म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. ते तव्यासारखं तापलेलं होतं.

खाली मुहासिबाची सही आहे एवढं पाहून तालुकदारसाहेबांनी टांग्यात बसता बसता आपली सही केली.

दीड महिन्याने मंजुरी आली. लाल रेघ शेवटच्या पानावर होती. तिच्याखाली भोईगल्ली आणि किरकोळ. समासात 'साले आयंदा'. आमची तनखा पै न् पै मंजूर झाली होती आणि मला कायम केल्याचा हुकूम त्याच आठवड्यात आला.

रंगनाथराव तोवर कामावर परतले होते, बारीक झाले होते, शेरवानी अंगावर लोंबत होती. त्यांनी पाठवलेल्या मवाजन्याची ऑफिसात ठेवलेली प्रत मागवली. सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी उघडलं. दुसरं पान उघडायची त्यांना गरज पडली नाही. ओठ थोडा वेळ हलत होते. मग त्यांनी फाईल बंद करून फीत बांधली. मी माझ्या जागेवर बसून वाट पाहत होतो. मला हाक मारतील, ओरडतील, काढून टाकतील. काही वेळाने त्यांनी मान न वळवता विचारलं, "घरी काय झालं?"

"मुलगी."

"पेढे न्हाई दिले."

त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटू लागलं की त्यांना कळलं नसावं. तापात आपणच काही तरी चुकलो असं त्यांना वाटत असेल. हे किती सोयीचं होतं, ते आज लिहिताना कळतं.

पावसाळा सहा-सात महिन्यांवर होता. दर जुम्याला, म्हणजे शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, रंगनाथराव भोईगल्लीत जाऊ लागले. पडक्या भिंतींचे दगड बलदियेला फेकूनच द्यायचे होते. ते गाडीत घालून उंचवट्यावर न्यायचे आणि भोयांच्या मदतीने जोती रचायची. शेरवानी काढून खांबाला अडकवलेली आणि नुसत्या बंडीत हा माणूस दगड उचलतोय, हे बघायला लोक थांबत. व्यापारी चेष्टा करत, वळू आता नांगराला लागला म्हणून. मला त्यांनी कधी बोलावलं नाही. एकदाच मी आपण होऊन गेलो. तासभर दगड वाहिले, हाताला फोड आले. गिरजाबाईने पाणी दिलं आणि माझे तळवे पाहून म्हणाली, "ह्या सायबाचे हात कागदाचेच हाईत." सगळे हसले. रंगनाथराव दगड बसवत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा गेलो नाही. मुलगी लहान आहे, असं सांगत राहिलो.

आषाढापर्यंत पाच जोती झाली. गिरजाबाईचं घर सातवं होतं.

श्रावणात पुन्हा पाणी आलं. आदल्या वर्षीच्या पुराच्या निम्म्यानेही नाही. बाजारात ते शिरलंच नाही. घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं आणि पाच जोत्यांवरची माणसं आपापल्या दारात बसून ते बघत होती. दौलत नाव घेऊन पलीकडच्या काठाला गेलेला होता. भर सकाळची वेळ. गिरजाबाईने दोन पोरं जोत्यावरच्या घरात पोचवली आणि सासऱ्याला आणायला परत गेली. मातीची भिंत खालून भिजली होती. ती दोघांच्याही अंगावर बसली.

मी गेलो तेव्हा दोघांना बाहेर काढून ठेवलं होतं. रंगनाथराव चिखलात उकिडवे बसले होते. दौलत नुकताच अलीकडे आला होता, ओल्या धोतराने नुसता उभा होता. गल्लीतल्या बायका रडत होत्या आणि त्यातली एक सारखी म्हणत होती, "सातवं तर होतं. सातवंच तर होतं."

चौकशी झाली. तालुकदारसाहेबांनी मुहासिबाला फाइलीसकट बोलावलं. फाइल माझ्या हातात होती, म्हणून मीही त्या खोलीत होतो. साहेबांनी विचारलं की बैठकीत जी बाब पहिली ठरली होती ती शेवटच्या पानावर कशी गेली, आणि पत्र कुठे आहे.

मी रंगनाथरावांच्या मागे दोन हातांवर उभा होतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, उर्दूत, व्याकरणासकट.

"सही मेरी है, हुजूर," रंगनाथराव म्हणाले. "पढे बगैर की थी."

साहेबांनी पुन्हा विचारलं, नक्कल कुणी केली. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलीची फीत सोडली आणि पुन्हा बांधली. आठ दिवसांनी रंगनाथरावांनी राजीनामा दिला. तो द्यायला लावला असं लोक म्हणत. टांग्यात सामान चढवताना माणिकराव गेले होते, शिपाई गेले होते, भोईगल्लीतले आठ-दहा जण आले होते. मी गेलो नाही.

दोन वर्षांनी माणिकराव निवृत्त होऊन गेले आणि पुढे मुहासिबाची खुर्ची माझ्याकडे येणार हे दिसू लागलं, तेव्हा मला राहवेना. मी सुट्टी काढून लातूरला गेलो. रंगनाथराव तिथे गंजबाजारातल्या एका अडतीवर मुनीम आहेत असं ऐकलं होतं. शोधायला वेळ लागला नाही. भुईमुगाच्या शेंगांचा हंगाम होता, अडतीपुढे गाड्यांची रांग लागलेली, आणि त्यांचा आवाज लांबूनच ऐकू आला. शेरवानी नव्हती. सदरा, धोतर, डोक्याला रुमाल. केस सगळे पांढरे झालेले. माप चाललं होतं आणि ते वजनं सांगत होते.

मला पाहून ते थांबले. बसा म्हणाले नाहीत. मी त्यांना बाजूला घेतलं आणि दोन वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. छापील नमुना, पत्र, कोनाड्यातला चष्मा. सांगताना मला रडू आलं. त्यांनी मला मधे थांबवलं नाही.

मी संपवल्यावर म्हणाले, "मंजुरी आली त्याच दिवशी पाहिलं की मी."

"मग बोलला का नाही साहेब? चौकशीत तरी."

"तुम्हाला वाचवायला गप बसलो असं समजू नका." त्यांचा आवाज चढला नाही, पण जवळचा हमाल वळून पाहू लागला. "मी न वाचता सही केली. ते माझं. तुम्ही काय केलं ते तुमचं. तुमचं मी कशाला सांगू?"

मी त्यांच्या पायाशी वाकलो. ते एक पाऊल मागे सरकले.

"दौलतकडं गेलात का?"

"नाही."

"का?"

मी म्हणालो, आधी तुमच्याकडे यावंसं वाटलं.

"माझ्यापाशी काय हाय, गोविंदराव? माझी नोकरी गेली, दुसरी लागली. माझी बायको घरी हाय. तुम्ही सोप्या घरी आलात." त्यांनी रुमालाने मान पुसली. "नांदेडची मोटार बाराला हाय. आता निघालात तर मिळंल. दिवस असंपर्यंत तिथं पोचाल. दौलत घाटावरच असतो त्या वक्ताला."

मग एका गाडीवानाने त्यांना हाक मारली, त्याचे बैल ताटकळले होते. ते वळले आणि मापाकडे गेले. मी तिथेच उभा राहिलो. गाडी रिकामी झाली, दुसरी पुढे आली. पोतं फोडून त्यांनी मूठभर शेंगा हातावर घेतल्या, झटकल्या, एक फोडून पाहिली आणि वजनं सांगायला लागले. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मानेवरून घाम ओघळत होता. मला वाटत होतं, ते एकदा वळून पाहतील. बारा वाजत आले तेव्हा मी निघालो. त्यांना पुन्हा पाहण्याचा योग आला नाही. चार वर्षांनी ते देवणीला गेले आणि तिथेच वारले असं कळलं.

मोटार मिळाली. नांदेडला उतरलो तेव्हा ऊन घाटाच्या पायऱ्यांवर होतं. स्टँडवरून दोन रस्ते फुटतात. खालच्या रस्त्याने दौलतची नाव दिसत होती, तो एकटाच तिच्यात बसून पाणी उपसत होता. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि वरच्या रस्त्याने घरी गेलो.